पेटीतला कौल

त्या विहिरीला पाणी लागलं नाही, आणि ती तिथं खणायला मी लावली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं.

मुळगावच्या पलीकडे, खाणीच्या अंगाला एक लहानसा वाडा, म्हणजे वस्ती, आहे. त्याचं नाव मी घेत नाही. माझी चूक त्या नावाला कशाला चिकटवायची? त्या वाड्यावरच्या माणसांनी कातळ फोडला, हाताला फोड आणले, आणि खाली धूळच निघाली. दोष आला बुवांवर. बुवांनी तो घेतला. मी तिथंच उभा होतो. गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मी जे बोललो ते गप्प राहण्याहून वाईट होतं. ते त्याच्या जागी सांगेन. आधी बुवांविषयी सांगायला हवं, नाहीतर माझ्या हातून काय घडलं ते कळायचं नाही.

बुवा भजनी नव्हते. ते कंप्युटरचा प्रोग्राम लिहायला शिकवत. गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं, आणि कंप्युटर ही वस्तू डिचोलीत आमच्यापैकी कुणीही जवळून पाहिलेली नव्हती. बुवांचं यंत्र म्हणजे एक चपटा कळफलक. जी काय बुद्धी होती ती त्या कळांच्या खालीच. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. जिथं जाईल तिथल्या टीव्हीला वायर जोडायची. हे यंत्र बुवा हार्मोनियमच्या जुन्या पेटीतून नेत. पेटीच्या आत त्यांच्या आईचं लुगडं चौपदरी घालून गादी केली होती. अंगात पांढरा सदरा, कपाळाला काही नाही, पण हातात पेटी. त्यामुळे पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या सगळ्या कंडक्टरांनी त्यांना भजनीबुवा ठरवून टाकलं होतं.

"बुवा, आज खंय भजन?"

"मुळगांवां," बुवा सांगत. खोटं बोलल्याचा भाव चेहऱ्यावर नसे, आणि खरं सांगण्याची घाईही नसे.

ते पेडण्याचे. सकाळी पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून मिळेल तो ट्रक किंवा भाड्याची मोटारसायकल. आज एका गावच्या हायस्कुलात, उद्या कुणाच्या पडवीत, परवा आमच्याकडे. बसमध्ये पेटी मांडीवर. ती टपावर टाकू द्यायचे नाहीत. डोळे मिटलेले आणि बोटं पेटीच्या झाकणावर चाललेली. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून म्हापशाहून आलो तेव्हा ती बोटं बघत राहिलो. आधी मला वाटलं ते मनातल्या मनात गाणं वाजवताहेत. मग लक्षात आलं, ते प्रोग्राम लिहीत होते. कुठल्यातरी वळणावर बोटं थांबायची, कपाळाला आठी पडायची, आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा सुरू व्हायची. बाहेर काजूची झाडं मागं जात होती, आत बोंडांचा आंबूस वास भरला होता, आणि हा माणूस झाकणावर बोटांनी काहीतरी दुरुस्त करत होता. ती बस मला अजून स्वप्नात येते. तिच्यातून कुणी उतरत नाही.

एकदा धारगळीला बस बंद पडली. उन्हात सगळे खाली उतरले. एका म्हातारीनं हट्ट धरला की बुवांनी एखादा अभंग म्हणावा. बुवांनी पेटी रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली आणि उघडली. बायका वाकून बघू लागल्या. भाता नाही, सूर नाही, नुसत्या कळा.

"हिका गळो खंय?" म्हातारीनं विचारलं.

"गळा टीव्हीकडे असतो," बुवा म्हणाले. "घरोघरी मागून आणावा लागतो."

म्हातारीला ते पटलं. तिनं एक कळ दाबून पाहिली, हात कपाळाला लावला आणि बुवांच्या हातात एक उंडो ठेवला. बुवांनी तो पाव कागदात गुंडाळून आमच्या वर्गात आणला, कोऱ्या चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "तिनं जी कळ दाबली ती अक्षराची नव्हती. पुढच्या ओळीवर जायची होती. शहाणी बाई."

आमचा वर्ग देवळाच्या अग्रशाळेत भरायचा. जत्रेला आलेल्यांनी उतरायची ती जागा, एरवी रिकामी. तिथं वाड्यावरच्या मंडळाचा टीव्ही होता. बुवा दुपारी येत. आम्ही पाचसहा जण. मी खाणीच्या ऑफिसात कारकून, बाकीचे कुणी कॉलेजात, कुणी शेतात. माझे वडील सावंतवाडीकडून आलेले, खनिजाचा ट्रक चालवायचे. त्या काळी अग्रशाळेच्या जनेलावर, म्हणजे खिडकीवर, बोट फिरवलं की खाणीच्या धुळीनं बोट तांबडं व्हायचं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की टीव्हीवरचं चित्र थरथरायचं. बुवा तेवढं थांबायचे, चित्र स्थिर झालं की पुढचा शब्द बोलायचे. कधी कधी सुरुंग नसतानाही थांबायचे. तेव्हा ते झोपलेले असत. बसल्या जागी, खडू हातात, मान ताठ. आम्हीही हलायचो नाही. पिंपळाची पानं वाजत असायची, कुठंतरी ट्रक चढ चढत असायचा. मग बुवा डोळे न उघडताच जिथं वाक्य सोडलं होतं तिथून उचलायचे, शब्द न चुकता.

आमच्यापैकी कुणालाही पहिले काही महिने त्यांनी यंत्राला हात लावू दिला नाही. आधी प्रोग्राम पायांनी चालायचा. अंगणात खडूनं चौकोन काढायचे, एकेकानं एकेका चौकोनात उभं राहायचं, हातात करवंटी. करवंटीत चिंचोके. चिंचोके म्हणजे आकडा. एकानं सूचना वाचायची आणि बाकीच्यांनी ती जशीच्या तशी करायची, स्वतःचं डोकं न लावता. "डोकं लावलंत की यंत्र मेलं," असं म्हणायचे.

एकदा त्यांनी मला तुळशीला प्रदक्षिणा घालायला लावली; प्रत्येक फेरीला करवंटीत एक चिंचोका. सूचना मीच लिहिली होती. मी फिरत राहिलो. करवंटी भरली, सांडली, चिंचोके संपले, मी मोकळ्या करवंटीत मोकळा हात नेऊ लागलो. देवळात आलेल्या बायका नवस असेल म्हणून वाट देऊ लागल्या. शेवटी मी विचारलं, बुवा, थांबू का?

"कुठं लिहिलंय थांबायचं?"

"लिहायचं राहिलं."

"मग फिर. थांबायचं आधी लिहायचं, चालायचं मागाहून."

दुसरं त्यांचं एक म्हणणं होतं, ते मात्र माझ्या पुढं फार कामी आलं, आणि शेवटी माझ्यावरच आलं. प्रोग्राम चुकला की आम्ही भलतीकडे एखादी ओळ घालून उत्तर बरोबर आणायचो. बुवा ती ओळ खडूनं नव्हे, तळहातानं पुसायचे. "चूक जिथं आहे तिथं जा," म्हणायचे. "दुसरीकडे ठिगळ लावून चूक लपते, जात नाही."

ते शिकवायचे मराठीत, रागवायचे कोकणीत. झोपेत पुटपुटायचे ते कोणत्या भाषेत, यावर आमच्यात वाद होता. तेव्हा भाषेवरून घरोघरी रण माजून गेलेलं होतं. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा होत्या, एकीवर दुसरी रंगवलेली. आमच्या वर्गातले दोघे त्यापायी एकमेकांशी बोलत नसत. बुवांनी त्यांना शेजारच्या चौकोनांत उभं केलं आणि एकाच्या करवंटीतले चिंचोके दुसऱ्याच्या करवंटीत जातील असा प्रोग्राम दिला. "हिला तुझी पण येत नाही आणि त्याची पण येत नाही," पेटीवर हात ठेवून ते म्हणाले. "तिच्यापुढं तरी भांडू नका." दोघे चिंचोके देत-घेत राहिले. बोलले मात्र पुढं पावसाळा उलटल्यावर.

बुवा मुंबईत कुठल्याशा कंपनीत मोठ्या यंत्रावर काम करून आले होते असं ऐकलं होतं. ते सोडून का आले, असं मी एकदा धीर करून विचारलं. "तिथं यंत्रासाठी खोली थंड ठेवायचे," ते म्हणाले. "यंत्राला सोसली. मला बाधली." यापेक्षा जास्त त्यांनी स्वतःविषयी काही सांगितलं नाही. लग्न केलं नव्हतं. देवळाच्या अग्रशाळेत शिकवत, पण देवळाच्या पायऱ्या कधी चढले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "त्याचं काम चाललेलं असतं. माझं इथं चाललंय."

आता ती गोष्ट.

वाड्यावरची जुनी विहीर त्या वर्षी आटली. खाण खोल जात होती तसतसं आजूबाजूचं पाणी खाली चाललं होतं. बायका लांबून कळशा आणायच्या. नवी विहीर खणायची ठरली. जागा दोन होत्या. एक फणसाकडे, एक खालच्या बांधाकडे. फणसाची जागा घरांना जवळ, बांधाची लांब, आणि यावरून वाड्याचे दोन भाग पडले. तेव्हा देवाला विचारायचं ठरलं. आमच्याकडे मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात आणि हात जोडून बसतात. जी आधी पडेल तो देवाचा कौल. वाड्याचे जुने गावकर, म्हणजे मानकरी, त्यांना सगळे आबा म्हणत, सकाळपासून बसले होते. पाकळी हलत नव्हती.

बुवांनी "असं असेल तर हे, नाहीतर ते" ही गोष्ट आम्हाला रस्त्याच्या फाट्यावरून शिकवली होती. ट्रक भरलेला असेल तर जेटीकडे, रिकामा असेल तर खाणीकडे. कुणीतरी म्हणालं होतं, बुवा, म्हणजे कौलासारखं. बुवा एकदम गंभीर झाले. "ते नको," म्हणाले. "तिथं विचारणाऱ्याचा जीव टांगलेला असतो. आपला फाटाच बरा."

ते मला लागलं नाही. उलट कल्पना आवडली. तोवर मला यंत्राला हात लावायची मुभा मिळाली होती. मी कौलाचा प्रोग्राम लिहिला. टीव्हीवर मधे एक उभा चौकोन, दोन्ही खांद्यांवर दोन ठिपके. कळ दाबली की एक ठिपका घसरत खाली येई. यंत्राला मनाला येईल तो आकडा काढायला सांगता येतो. त्यावर डावं-उजवं ठरे. मित्रांनी विचारायला सुरुवात केली. परीक्षेत पास होईन का, अमकीचं लग्न माझ्याशी होईल का. डावा ठिपका पडला की ते हिरमुसायचे. म्हणून मी एक ओळ बदलली. आकडा काहीही येवो, उजवाच पडेल. सगळे खूश झाले. ती ओळ मी तशीच ठेवली.

त्या दुपारी बुवांची बस चुकली होती. पेटी आदल्या वर्गापासून अग्रशाळेतच होती. आम्ही पोरं-पोरं टीव्हीभोवती. आबा देवळातून बाहेर आले. उपाशी, डोळे तांबारलेले. सावलीला म्हणून अग्रशाळेच्या पायरीवर बसले. ठिपका पडताना त्यांनी पाहिला.

"हें कितें रे?"

मी थट्टेत म्हटलं, "कौल, आबा."

"डब्यान कौल पडटा?"

मला तेव्हाच हसून यंत्र बंद करता आलं असतं. पण आबा माझ्याकडे बघत होते. ट्रकवाल्याचा मुलगा म्हणून त्या वाड्यावर मला कुणी बसायला पाट दिला नव्हता, आणि आता वाड्याचा सर्वांत मोठा माणूस पायरीवर बसून मला विचारत होता. मी म्हटलं, "पडटा."

आबांनी पंचा सारखा केला. हात जोडले. टीव्हीला.

"देव आमचो आज उलयना," देव आज बोलत नाही, असं ते हळूच म्हणाले, जणू देवळात ऐकू जाईल. "हाका विचार. उजवी पडली जाल्यार फणसाकडे. दावी पडली जाल्यार बांधाकडे."

मला माहीत होतं काय पडणार ते. मी कळ दाबली. उजवा ठिपका सावकाश, अगदी पाकळी पडावी तसा खाली आला. आबांनी डोळे मिटून घेतले. म्हातारा माणूस सुटल्यासारखा दिसला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं, दोनातली एक जागा बरोबर असणारच की.

आबांनी वाड्यावर एवढंच सांगितलं की कौल उजवा झाला. बुवा आले तेव्हा सगळे पारी-कुदळी घेऊन फणसाकडे गेलेले. बुवांनाही वाटलं देवानं कौल दिला. ते दिवस आठवले की अजून मला फणसाखालून येणारा पारीचा आवाज ऐकू येतो. वर्ग चालू असताना, टीव्ही थरथरताना, बुवा झोपलेले असताना, एकसारखा. आधी माती, मग चिरा, मग काळा कातळ. आबांचा मुलगा सर्वांत पुढं होता. माझ्याहून थोडा मोठा. संध्याकाळी तो वर यायचा तेव्हा फक्त डोळे माणसासारखे दिसायचे, बाकी सगळा खड्ड्याच्या रंगाचा. पाणी लागलं नाही. कातळाच्या खाली कातळ.

मग फुटलं. कुठल्यातरी पोरानं घरी सांगितलं की कौल देवाचा नव्हता, टीव्हीचा होता. वाडा अग्रशाळेच्या अंगणात जमला. आबा खाली मान घालून कोपऱ्यात. देव रुसला, म्हणून पाणी पळालं, असं बायका म्हणत होत्या. डबा कुणाचा, असं एकानं विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

बुवांनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे नाही, सगळ्यांकडे मिळून. मी खडूच्या चौकोनावर उभा होतो. जुना, अर्धवट पुसलेला चौकोन. बुवा आत गेले. टीव्हीवर तो उभा चौकोन आणि ठिपके तसेच होते, कारण पेटी आदल्या दिवसापासून इथंच होती आणि रात्री पोरांनी तो प्रोग्राम वहीतून पुन्हा घालून यंत्र चालूच ठेवलं होतं. त्यांनी भिंतीतली वायर ओढली. पडदा काळा झाला. त्या यंत्रातलं लिहिलेलं वायर ओढली की जायचं. मग बाहेर येऊन त्यांनी हात जोडले.

"पेटी म्हजी. पेटींतल्यान आयलें तें म्हजें."

पेटी माझी, तिच्यातून आलं ते माझं, एवढंच बोलले. देवाची माफी मागायला हवी असं ठरलं. जो कधी पायऱ्या चढला नव्हता तो माणूस नारळ आणि विडा घेऊन पायऱ्या चढला. आबांनीच गाऱ्हाणं घातलं, कारण ते त्यांच्या घराण्याचं काम. बुवांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, पेडण्याचा त्यांचा वाडा, सगळं घेऊन आबा देवाला म्हणाले की ह्या लेकरानं तुझी थट्टा केली, जाणून नेणून केली, ती पोटात घाल. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही अशी आमच्याकडे समजूत.

मी मागं उभा होतो. सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. बुवांच्या नावावर माझी चूक चढली आणि तिच्यावर मी स्वतःच्या आवाजानं शिक्का मारला.

वर्ग त्या दिवशी बंद झाला. बुवा पेटी घेऊन उतरणीला लागले. मोटारसायकलवाल्यानं विचारलं, बुवा, भजन संपलं? ते म्हणाले, संपलं.

पुढं त्यांनी शिकवलेल्यावरच माझं आयुष्य उभं राहिलं. पणजीत नोकरी लागली, मग बढत्या, मग माझ्या हाताखाली माणसं. बुवा कुठंकुठं शिकवत राहिले, डिचोलीकडे मात्र आले नाहीत. कधी म्हापशाच्या बसथांब्यावर दिसायचे. मी खांबाआड व्हायचो. मनातल्या मनात ती ओळ मी किती वेळा पुसली असेल. पण यंत्रातून गेलेली ओळ माझ्यातून गेली नाही.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात मोठा घोळ झाला. मी सगळ्यांना खोलीत बोलावून विचारलं, कुणी केलं? नुकतीच लागलेली एक मुलगी लगेच म्हणाली, "मी, सर." तिला जराही वेळ लागला नाही. मी तिला बसायला सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बैठक तिथंच मोडली आणि दुसऱ्या दिवशी पेडण्याला गेलो.

बुवा पुतण्याकडे राहतात. थकलेत, पण मान ताठ. पडवीत खुर्चीवर बसले होते, बाजूला कपात चहा निवत होता. त्यांनी मला ओळखलं, आवाजावरून. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ठिपका, बदललेली ओळ, आबांचे जोडलेले हात, माझं "व्हय म्हाराजा". सांगून झालं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपले. मी नेहमीसारखा हललो नाही.

"मी ती ओळ वाचली नव्हती," डोळे न उघडता ते म्हणाले. "वाचली असती तर कुणाची ते कळलं असतं. प्रत्येकाची लिहायची चाल वेगळी असते. मग तुमच्यातल्या एकाला शिकवताना माझा हात आखडला असता. म्हणून न वाचताच वायर ओढली. वाटलं होतं, वर्ग पुन्हा भरेल."

मी म्हटलं, "बुवा, मला माफ करा."

त्यांनी डोळे उघडले. रागावलेले नव्हते, पण सोडतही नव्हते. "माझ्याकडे का आलास? चूक कुठं आहे?"

मी म्हटलं, "देवळात."

"मग तिथं जा," ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठत, "थांब. सदरा बदलतो."

मी गाडी नेली होती. पण ते म्हणाले बसनं जाऊ, मला रस्ता झोपून माहीत आहे. हातात ती पेटी. आत यंत्र नव्हतं. ते कधीच मोडलं. आत नुसतं लुगडं होतं. पेटी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले आणि म्हापशापर्यंत त्यांची बोटं झाकणावर चालली. कंडक्टर कोवळा पोरगा होता. त्यानं विचारलं, बुवा, भजन खंय?

"मुळगांवां," बुवा म्हणाले.

वाड्यावर फारसं कुणी नव्हतं. दुपार होती. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा, जो खड्ड्यात सर्वांत पुढं होता, आता स्वतः गावकर. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. अग्रशाळेच्या पायरीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो बुवांकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. मग त्यानं फणसाकडे मान केली.

"ती बांय पावसांत भरता," तो म्हणाला. विहिरीला आमच्याकडे बांय म्हणतात. "उन्हाळ्यांत सुकी. आमचीं पोरां तातूंत पेवपाक शिकलीं." पेवपाक म्हणजे पोहायला. "बापायन मात मरसर तिका पाठ केली. त्या वाटेन कधी गेलो ना."

बाप त्या वाटेनं मरेपर्यंत गेला नाही. ते त्यानं साधेपणानं सांगितलं, मला लागावं म्हणून नाही. मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं धरू दिले नाहीत. उठला आणि नारळ आण म्हणाला.

गाभाऱ्यापुढं मी नारळ आणि विडा ठेवला. मुलगा बापाच्या जागी उभा राहिला. बुवा मागं खांबाला टेकून बसले, पेटी बाजूला. गाऱ्हाणं सुरू झालं. त्यानं माझं नाव घेतलं, माझ्या वडलांचं नाव घेतलं, सावंतवाडीकडचं आमचं मूळ गाव घेतलं.

"बा देवा म्हाराजा, हें तुजें लेकरूं आज तुज्या दारांत उबें आसा. त्या दिसा दुसऱ्याच्या नांवार घातिल्ली चूक, ती ह्याची. ती त्या नांवावेल्यान काड, आनी ह्याच्या नांवार घाल. आनी मागीर पोटांत घाल."

तो थांबला. आता उत्तर द्यायचं असतं. देऊळ रिकामं होतं. स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतः म्हणायचं नसतं. बाहेर पिंपळाची पानं वाजत होती. खाण बंद पडल्यापासून ट्रक येत नाहीत, त्यामुळे ती फार स्पष्ट ऐकू येत होती. मी मान खाली घालून उभा होतो आणि मला वाटलं बुवा झोपले.

मग मागून, वाक्य जिथं सुटलं होतं तिथूनच उचलल्यासारखा, त्यांचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."